एकतीस मार्चची बांधाबांध

दार लोटा आणि जवळ सरकून बसा. टाकी भरेपर्यंत आपल्याला दुसरा उद्योग नाही, आणि तुम्ही मोबाइलमध्ये तोंड घालून बसण्यापेक्षा मी बडबडलेलं बरं. फक्त मध्ये मध्ये ‘काका, तुम्ही स्वतः पाहिलंत का’ असं विचारायचं नाही. मी काही पाहिलेलं नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा जोडीदार. तू ज्या खुर्चीवर तंगड्या टाकल्या आहेस ना, त्याच खुर्चीत बसून त्यानं मला हे सांगितलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. जन्मात एकदाच बोलला, आणि तेच त्याला भोवलं.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चमधला शेवटचा शनिवार. संध्याकाळी पाणीवाला बाजारात वॉशर आणायला गेला. सगळं गाव त्याला पाणीवाला म्हणायचं, कारण कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्याच्या हातात. आणि नेमका त्याच्याच मोरीतला नळ रात्रंदिवस गळत होता. हार्डवेअरवाल्यानं चिमटा काढलाच. म्हणाला, “वा, आमच्या नळाला करंगळीएवढी धार, आणि साहेबांच्या घरी नुसतं वाहतंय.” पाणीवाला हसला. बायको गेल्यावर आपण पहिल्यांदाच हसतोय, हे त्याला दुकानाच्या पायऱ्या उतरताना जाणवलं, आणि हसू तिथंच संपलं.

घराशी आला तर शेजारच्या नर्सबाई फाटकात उभ्या. दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या, खांद्याला पिशवी तशीच.

“काय भाऊ, घर सोडताय वाटतं?”

“कोण, मी?”

“काल रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. तुमच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज, कागद चुरगाळल्याचा आवाज. मग आठवलं, एकतीसला करार संपतो. वहिनी सांगायच्या ना. पण एकटे कशाला करत बसता? मला हाक मारायची.”

काल रात्री पाणीवाला घरात नव्हता. तो इथं टाकीवर होता, माझ्याबरोबर, रात्रपाळीला.

“उंदीर असतील,” तो म्हणाला.

“उंदीर भांडी कागदात गुंडाळतात होय?” असं म्हणून नर्सबाई हसत आत गेल्या. त्यानंही ते फार मनावर घेतलं नाही. नळाला वॉशर बसवलं, चार घास खाल्ले आणि पाळीवर यायच्या तयारीला लागला. कपडे चढवले. मोजे शोधायला लागला. खणात मोजा नाही. दोरीवर नाही. पलंगाखाली नाही. शेवटी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर मोजे फळीवर. ओळीनं मांडलेले. प्रत्येक मोज्यात एकेक कप.

तो तिथंच खाली बसला. 

आता दात काढू नका. मोज्यात कप, त्यात घाबरायचं काय, असं वाटेल तुम्हाला. पण ती त्याच्या बायकोची पद्धत होती. आमची नोकरी बदलीची. दोन-तीन वर्षं झाली की नवं गाव, नवा घरमालक, नवी कटकट. टेम्पोत सामान चढायचं, उतरायचं, आणि त्या बाईनं आयुष्यात एक कप फुटू दिला नाही. नवऱ्याचे मोजे घ्यायची आणि त्यात कप घालायची. लहान पातेलं मोठ्यात, मध्ये वर्तमानपत्राचा कागद, झाकण उलटं, आणि वरून जुन्या लुगड्याच्या पट्टीची गाठ. बघितलं तर घट्ट, एक टोक ओढलं की सुटलीच. आम्ही चेष्टा करायचो, वहिनी, तुम्ही टेम्पोवाल्यांना शिकवणी लावा.

हसायची. पण भाड्याच्या घरांनी तिचा जीव अगदी मेटाकुटीला आणला होता. एका घरमालकाला पाहुणे चालायचे नाहीत. दुसऱ्याला वर पावलांचा आवाज झालेला चालायचा नाही. आणि भिंतीत खिळा तर कुणालाच चालायचा नाही. तिचा आरसा सगळा जन्म खिडकीत टेकवून ठेवलेला. केस विंचरायचे तर वाकून.

दोनदा स्वतःचं घर होता होता राहिलं. पहिल्यांदा सगळं ठरलं. तिनं भिंतींचा रंगसुद्धा निवडला, ओळखीपाळखीत सांगून झालं, आणि मालकाचा विचार फिरला. दुसऱ्या वेळी बिल्डर पायापर्यंत आला आणि जो गेला तो गेलाच. त्या वेळी ती अन्नाला शिवेना. मग एके सकाळी उठली, चहा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, “आता माझ्यापुढं घराचं नाव काढायचं नाही. कुणाचं का असेना, डोक्यावर छप्पर आहे ना, पुरे झालं.”

पुढं इथं बदली झाली आणि मास्तरीणबाईंचं घर विकायला निघालं. गावाच्या टोकाला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं अंगण, बसायला रुंद पायरी. पाणीवाल्यानं सगळी जमवाजमव केली, पण बाईंच्या भावाची सही हवी होती आणि भाऊ परदेशात. बाई भल्या. म्हणाल्या, “तुम्ही राहायला या, खरेदीखत होईल तेव्हा होईल.” आणि पाणीवाल्यानं बायकोला सांगितलं, “भाड्यानं घेतलंय. एकतीस मार्चपर्यंतचा करार आहे.”

हेच ते खोटं. त्याच्या मनात काय होतं ते सरळ होतं. आधी बोललो की घर जातं, हे दोनदा झालं. तेव्हा या वेळी चकार शब्द काढायचा नाही. सही झाली की किल्ली तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, घे हातोडी आणि ठोक किती खिळे ठोकायचे ते. तो सांगायचा, रात्री व्हॉल्व्ह फिरवताना मी त्या दिवसाची उजळणी करायचो. ती काय म्हणेल, रडेल का, आधी चिडेल का.

ती त्या घरात परक्यासारखी राहिली. अर्धी खोकी उघडलीच नाहीत. कशाला, पुन्हा बांधायचीच ना, म्हणायची. पण घर तिला आवडलं होतं. संध्याकाळी पायरीवर बसायची, अंगणाकडे बघत. एकदा म्हणाली, “छान घर आहे हो. ज्याचं आहे त्याला लाभो.” पाणीवाला शेजारीच बसला होता. ओठांवर आलेलं त्यानं गिळलं.

डिसेंबरात तिला ताप आला. साधा म्हणता म्हणता छातीत उतरला. दवाखान्यात ठेवलं. तिकडं भावाची सही आली, खरेदीखताचा दिवस ठरला, बुधवार. रविवारी रात्री तिनं नवऱ्याचा हात धरला. दम लागत होता. म्हणाली, “एकतीस मार्चच्या आधी दुसरं घर बघून ठेवा. शेवटच्या दिवशी धावपळ नको. आणि सामान मी बांधीन. तुम्ही हात लावू नका, तुम्ही कप फोडता.”

तो म्हणाला, “बरं.”

सांगता आलं असतं रे. ड्यूटीवरची नर्स बाहेर होती, खोलीत दोघंच होते, रात्र मोकळी होती. पण त्याला वाटलं, आता दोनच दिवस. घरी नेऊ आणि दारात सांगू. ती सोमवारी पहाटे गेली. बुधवारी त्यानं सही केली. घर झालं.

“मी ‘बरं’ म्हणालो,” एवढंच तो मला या खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा सांगायचा.  मी चहा करायचो.

तर त्या शनिवारी रात्री त्यानं कप फळीवर ठेवले, मोजे घातले आणि पाळीवर आला. रात्रभर गप्प. मला वाटलं, आठवण आली असेल. रविवारी सकाळी घरी गेला तर पातेली एकात एक, मध्ये कागद, झाकणं उलटी. त्यानं सोडली. त्याला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय, दुपारी झोपेत आपणच करत असू. रविवारी रात्री पाळीवर, सोमवारी सकाळी परत. आता दाराशी दोन बोचकी. वर लुगड्याच्या पट्टीची गाठ. त्यानं टोक ओढलं. गाठ सुटली. त्याला तशी गाठ मारता येत नव्हती. तिनं कितीदा शिकवली होती, त्याला कधी जमली नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं, आज एकतीस.

ती शब्दाला पक्की बाई. एकतीसला घर रिकामं करायचं म्हणजे करायचं. आज रात्री ती निघणार. आणि जाणार कुठं? पुढचं घर त्यानं बघितलेलंच नव्हतं. मेलेल्या बायकोची भीती नाही वाटली त्याला. एवढ्या रात्री, एकटी, बोचकं घेऊन ती कुठल्या रस्त्याला लागणार, याची भीती वाटली. आणि तेही स्वतःचं घर सोडून.

दुपारी माझ्याकडे आला. “आजची रात्र सांभाळशील?” मी म्हटलं, “तब्येत बरी नाही का?” म्हणाला, “घरी काम आहे. राहून गेलेलं.”

एकतीस मार्च. सोमवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पाणीवाला स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, भिंतीला पाठ लावून. दिवा मालवलेला. रस्त्यावरच्या खांबाचा थोडा उजेड खिडकीतून आत येत होता. त्यात फळीची कड दिसत होती, बाकी काळोख. नळ आता गळत नव्हता. घरात कसलाच आवाज नव्हता.

मग कागद वाजला.

त्यानं मान खाली घातली. वर बघवेना. कागदाची घडी उलगडल्याचा आवाज. मग पातेल्याचा, अगदी हलका. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून जपून ठेवल्याचा. सगळा जन्म ती अशीच वागली. हलक्या हातानं, हलक्या पावलानं, दुसऱ्याच्या घरात.

“अगं…” तो म्हणाला.

आवाज थांबला.

“अगं, बांधू नकोस. घर आपलं आहे.”

 मग कागद पुन्हा वाजला.

“खरंच आपलं आहे. सही झाली. मी तुला सांगणार होतो. दवाखान्यातच सांगायला हवं होतं. मी…”

गाठ आवळल्याचा आवाज.

तिनं कशाला ऐकावं? ‘घर आपलं झालं’ हे याच तोंडून तिनं दोनदा ऐकलं होतं. दोनदा विश्वास ठेवला होता. तिसऱ्यांदा तिला तो ठेवायचा नव्हता.

बोचकं फरशीवरून सरकलं. सर्र… थांबलं. पुन्हा सर्र. दाराकडे. तिला जड होत होतं. तापातून उठलेल्या माणसाला होतं तसं. ते ऐकून त्याला रडू फुटलं. उठून तिच्या हातातलं घ्यावं, असं वाटलं. पण घेऊन ठेवणार कुठं? बाहेर?

सर्र…

तो उठला.  अंधारातच पत्र्याची पेटी उघडली. हातोडी सापडली. खिळे सापडले. खोलीत एका जागी हवा गार होती. तिथून त्याला जावं लागलं. डोळे मिटून गेला. खिडकीत टेकवलेला आरसा उचलला.

भिंतीवर खिळा धरला. तिच्या उंचीला. खांद्याशी ती कुठवर येते, ते त्याच्या हाताला ठाऊक होतं.

ठक.

त्या शांततेत तो आवाज केवढा झाला असेल. खिळा वाकला. दुसरा घेतला. ठक. ठक. शेजारी दिवा लागला. कुत्री भुंकायला लागली. तो ठोकत राहिला. भाड्याच्या घरात असं कुणी करत नाही. दिवसासुद्धा करत नाही.

आरसा लावला.

“आता वाकू नकोस,” तो म्हणाला. “आता नीट उभी राहा.”

मग तो भिंतीशी बसला, तोंड गुडघ्यांत घालून.

शेजारचा दिवा विझला. कुत्री गप्प झाली. बोचकं हललं नाही.

हललं नाही…

आणि मग फणी. केसांतून फणी फिरल्याचा आवाज. लांब केसांतून, वरपासून खालपर्यंत, सावकाश. थांबून, पुन्हा. आवाज वरून येत होता. उभ्या माणसाच्या उंचीवरून. ती वाकली नव्हती.

त्यानं मान वर केली नाही. केली असती तर आरशात दिसली असती की नाही, मला माहीत नाही. त्यालाही नाही. तो म्हणाला, “मी बघितलं असतं तर ती संकोचली असती.” कधी थांबलं ते त्याला कळलं नाही. जाग आली तेव्हा उजाडलं होतं.

तारीख पहिली. बोचकी दाराशी होती तशीच. त्यानं ती सोडली आणि सगळी भांडी फळीवर लावली. मग खोकी काढली. इतके महिने न उघडलेली एकूण एक खोकी उघडली. हे इथं ठेवू का, ते तिथं ठेवू का, असं विचारत विचारत दिवसभर सामान लावत होता. उत्तर आलं नाही. पण दोन कप फोडले त्यानं, आणि बराच वेळ त्या तुकड्यांपाशी बसून राहिला.

दुपारी नर्सबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, “भाऊ, काल रात्री खिळे काय ठोकत होतात? मालक ओरडतील हो.”

“घर आमचं आहे,” तो म्हणाला. मी सोडून हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच कुणा तिसऱ्याला सांगितलं. नर्सबाईंना काही उलगडलं नाही. वहिनी तर भाडं म्हणायच्या, असं त्या पुटपुटल्या.

त्या रात्री तो पाळीवर आला आणि मला हे सगळं सांगितलं. अगदी थकला होता, पण शांत होता. मला म्हणाला, “कळलं असेल ना रे तिला? की तशीच गेली असेल, बोचकं इथंच टाकून?” मी म्हटलं, “कळलं असेल.” मला काय ठाऊक होतं? पण दुसरं काय म्हणणार होतो?

पाळी संपवून तो निघाला. पुढचं मला थोडं नर्सबाईंनी सांगितलं, थोडं कोपऱ्यावरच्या सुतारानं. सुतारावर माझा विश्वास आहे, कारण तो माणूस उगाच एक शब्द बोलत नाही.

घराला बाहेरून कुलूप होतं. जाताना पाणीवाल्यानं स्वतः लावलेलं. त्यानं किल्ली फिरवली, कुलूप काढलं, दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. वरून सैल, खालून सैल, मध्ये घट्ट.

आतून कडी होती.

मागचं दार कायमचं बंद, त्याला आतून कपाट लावलेलं. खिडक्यांना गज. तो दारापाशी उभा राहिला. तो रात्रपाळीला गेला की ती कडी घालूनच झोपायची. पहाटे तो पायरीवर येऊन खोकायचा, मग ती उठून उघडायची. तो खोकला. वाट बघितली. पुन्हा खोकला. कुणी आलं नाही.

मग तो पायरीवर बसला.

नर्सबाई कामावर निघाल्या, तोवर ऊन अंगणात आलं होतं. “किल्ली हरवली का भाऊ?”

“नाही. आतून कडी आहे.”

“आतून? मग आत कोण आहे?”

“झोपलीय अजून,” तो म्हणाला. “झोपू द्या. चार रात्री बांधाबांध करत होती.”

नर्सबाई तशाच मागं फिरल्या.  कोपऱ्यावर जाऊन सुताराला उठवून घेऊन आल्या. पाणीवाला नको नको म्हणत होता, जोरात नाही, हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून. सुतारानं स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट मोकळी केली आणि आत उतरला. आत बराच वेळ त्याची चाहूल लागेना. मग दाराशी काहीतरी खरखरलं आणि दार उघडलं.

“आत कुणी नाही,” सुतार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

“मग कडी?” नर्सबाईंनी विचारलं.

“होती. पुरती लावलेली. जोर लावून काढली मी आत्ता.”

पाणीवाला पायरीवरून उठला नव्हता. त्यानं मान वळवून उघड्या दाराकडे पाहिलं, मग सुताराकडे.

“काढलीत कशाला?” तो म्हणाला.